पेंढ्याचं रेडकू

शिनोलीच्या वाटेवरचा मळा,
ता. ९ जानेवारी १९५५

हसीना,

बानूचा तुला रामराम आणि सलाम, दोन्ही. जो घ्यावासा वाटेल तो घे, दुसरा परत पाठव. तेवढ्या निमित्ताने तरी आळेफाट्याहून एखादं कार्ड येईल.

तू रागावली आहेस हे कळायला मला पत्र लागत नाही. चौथीत मी तुझी दौत सांडली तेव्हा तू माझ्याकडे पाठ करून बसायचीस आणि मला त्या पाठीवरूनच सगळा राग वाचता यायचा. आता इतक्या लांब पाठ करून बसली आहेस, तरी वाचता येतो.

ते पत्रक तुझ्यापर्यंत पोचलं असणार. तुझ्या मेहबूबभाईंच्या गॅरेजात सतरा गावची माणसं येतात, कुणीतरी मुद्दाम दाखवलं असेल. 'धनगराच्या लेकीने मांस सोडले, गाव केव्हा जागे होणार?' खाली जीवरक्षा मंडळ, आणि त्याखाली मागणी, की एस.टी. थांबते तिथलं कासम मुलाण्याचं मटणाचं दुकान बंद व्हावं. माझं नाव मोठ्या टायपात आणि तुझ्या अब्बांचं बारीक.

मी ते लिहिलेलं नाही. पण त्यातली पहिली ओळ खोटीही नाही, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. माझी सोनी गेल्यापासून मी मटण खात नाही. कुणाला दाखवायला सोडलं नव्हतं. बिरोबाच्या जेवणात राघूदादाने आग्रहाने वाढलं, मी पत्रावळ बाजूला सारली, आणि दादा भर पंगतीत ओरडला, "धनगराची पोर हायेस का बामणाची?" झालं. जे माझ्या पोटात होतं ते गावाच्या तोंडी गेलं.

सावळेराम शेठच्याही कानावर गेलं. शेठ म्हणजे आमचे मालक. मळा त्यांचा, म्हशी त्यांच्या, खव्याची भट्टी त्यांची. नवसू म्हशी सांभाळतात, मी धारा काढते, आणि गोठ्याला लागून जी खोली आहे ती आमची म्हणायची. शेठ स्वतः चालत आले. इतकी वर्षं 'ए नवसूची' म्हणणारा माणूस मला 'बानूबाई' म्हणाला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"बानूबाई, खरंच सोडलंत?"

"व्हय. दूधबी सोडलंय."

"ते असू द्या हो," शेठ म्हणाले. "लोकांना एका वेळी एकच गोष्ट समजते."

पत्रकात दुधाचा शब्दही नाही, ते तूही पाहिलं असशील.

तुझी
बानू

---

ता. २ फेब्रुवारी १९५५

हसीना,

तुझ्याकडून काही परत आलं नाही. म्हणजे रामराम आणि सलाम दोन्ही ठेवून घेतलेस असं मी धरते. लबाड आहेस.

परवा देवळापुढे मंडळाची सभा झाली. मला खुर्चीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसले आणि पाय कुठे ठेवायचे ते कळेना. नवसू मागे उभे होते, शेठने दिलेलं कोरं मुंडासं बांधून, नवरदेवासारखे. शेठ मुक्या जनावरांवर असं बोलले की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग पेढे वाटले. पहिला माझ्या हातावर ठेवून शेठ म्हणाले, "बाई, तोंड गोड करा." सगळी सभा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पेढा मुठीत धरून हात जोडले आणि लोकांना वाटलं नमस्कार केला. घामाने मुठीत नुसता चिखल झाला होता.

दूध का सोडलं ते मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. तू सोनीला कुंची शिवून आणलीस तेव्हा ती मुठी चोखत होती, आठवतं? त्यानंतर चार दिवसांत ती तापाने गेली. पोर गेली पण माझं दूध जाईना. बायकांनी छातीला मोगरा बांधायला सांगितला, तो बांधला, तरी चोळी भिजायची. त्याच आठवड्यात चांदीचं रेडकू मेलं. चांदी तुला ठाऊक आहे, कपाळावर पांढरा टिळा असलेली, जिने तुझ्या ओढणीचं टोक खाल्लं होतं. रेडकू आजाराने नाही मेलं. नर होतं. रेडी असती तर तिच्यासाठी एक सड राखला असता, टोणग्याला कोण राखतो? आईसमोर बांधलेलं ते भुकेने गेलं आणि तिचं दूध भट्टीवर गेलं.

रेडकू नाही तर म्हैस पान्हा चोरते. म्हणून त्याचं कातडं काढून आत पेंढा भरतात आणि तिच्यापुढे उभं करतात. महारवाड्यातल्या गेणभाऊला बोलावलं तर तो आला, पण कातड्याला हात लावीना. "दूध तुमी प्यायचं आन मढं आमी वढायचं, ते आता बंद झालंय," म्हणाला आणि चालता झाला. त्यांच्या आळीने ते काम सोडलंय. शेठने त्याला शिव्या घातल्या आणि ते काम नवसूंवर आलं.

मी ते पेंढ्याचं रेडकू चांदीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, चाटायला लागली आणि तिला पान्हा फुटला. हसीना, तिच्याबरोबर मलाही फुटला. चरवी दोन्ही गुडघ्यांत धरून मी तिथे बसले होते आणि माझी चोळी ओली झाली. त्या दिवसापासून दूध, ताक, खवा, काही माझ्या घशाखाली उतरत नाही. मटण त्यानंतर सुटलं. दोन्ही एकच आहे असं मला वाटतं, पण हे सभेत सांगायचं नसतं.

चांदी आता आटली. भाकड झाली. गेल्या सोमवारी तिला चाऱ्याला पाठवलं. इथे उन्हाळ्यात काय आहे? नाशिककडे पाटाच्या पाण्यावर उसाचं वाढं मुबलक, भाकड म्हशी तिकडे जातात आणि गाभण राहून परत येतात, असं शेठ सांगतात. गेली तेव्हा मी तिच्या शिंगांना तेल लावलं.

सभेहून येताना तुझ्या अब्बांच्या दुकानावरून यावं लागलं. मान खाली घालून जात होते तर त्यांनीच हाक मारली.

"बानू, पोरी, पाणी पिऊन जा."

"नको चाचा."

"भांडं येगळं हाय, मटणाचा वास न्हाई लागत त्याला."

"त्यासाठी न्हाई म्हणत न्हाई मी, चाचा."

"मग पी की."

मी प्याले. ते म्हणाले, "तू खात न्हाईस, त्याचं मला काय बी वाईट वाटत न्हाई. माझी अम्मी बी शेवटाला खात नव्हती. पर शेठला मटणाचा वास कवापासून यायला लागला, सांगू? हितं एस.टी. थांबायला लागली तवापासून." आणि हसले. मला हसता आलं नाही.

बानू

---

ता. २१ फेब्रुवारी १९५५

हसीना,

तुझं कार्ड आलं. तू लिहिलंस याचा आनंद करावा की काय लिहिलंस त्यासाठी डोकं आपटावं, हे अजून कळत नाही. पाठ झालं आहे मला. 'तुमच्या शेठची टिळ्याची म्हैस आमच्या दारात ट्रकमध्ये उभी होती. टायर बदलेपर्यंत हंबरत होती. मेहबूबने विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, कापायला चालली आहे. चाऱ्याला नव्हे. तुझा सलाम ठेवून घेतला आहे.'

चाऱ्याला. लग्न होऊन आल्यापासून हा शब्द ऐकते आहे. लंगडी चाऱ्याला गेली, मोरी चाऱ्याला गेली, आणि मी प्रत्येकीच्या शिंगांना तेल लावून पाठवली. परत आलेली एकही आठवत नाही, आणि हे मला आजवर सुचलं नाही! मेंढरांत वाढलेली पोर मी. आम्ही बकरं मुलाण्याकडे नेतो तेव्हा मुलाण्याकडे नेतो असंच म्हणतो. कापण्याला चारा म्हणतात हे मला कुठून ठाऊक असणार?

नवसूंना विचारलं. ते वैरण टाकत होते, तसेच टाकत राहिले.

"तुमाला ठाव व्हतं?"

"व्हतं."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू तेल लावायचीस," नवसू म्हणाले. "लई मायेनं लावायचीस. सांगून काय करू?"

मी भांडणार होते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, तोंडाचा पट्टा सुरू झाला की नवसू रानात पळतात. पण या वेळी मी पेंडी सोडून त्यांच्या हातात दिली. तो माणूस पोर गेल्यावर रडला नव्हता. रेडकात पेंढा भरताना रडला होता, ते मी दाराआडून पाहिलं होतं.

कार्ड चुलीत टाकलं नाही. तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे.

बानू

---

ता. १३ मार्च १९५५

हसीना,

येत्या गुरुवारी तालुक्याचे साहेब चावडीवर येणार आहेत. दुकान ठेवायचं की बंद करायचं ते त्या दिवशी ठरेल. अर्जावर गावाचे अंगठे उठले आहेत. जे दर रविवारी अब्बांच्या फळीपुढे पिशव्या घेऊन उभे असतात त्यांचेही, कारण कुणाची वैरण शेठकडून येते, कुणाचा पोरगा भट्टीवर आहे. माझी तोंडी साक्ष व्हायची आहे. शेठ म्हणतात, "बानूबाई, तुम्ही फक्त हो म्हणा."

मला सांग, मी काय म्हणू?

हत्या असू दे म्हणू? ती मला पटत नाही. तुझ्या अब्बांच्या हातून झाली तरी पटत नाही. ते जनावराला पाणी पाजतात, सुरी दाखवत नाहीत, अल्लाचं नाव घेतात, सगळं मी लहानपणापासून पाहिलंय. तरी नाही पटत. तुला खोटं लिहायचं तर खरं लिहायला मला दुसरं आहे कोण? आणि हत्या नको म्हणू, तर मी कुणाच्या रांगेत बसले ते बघ. पोराला उपाशी मारून आईचं दूध आटवणारे, आणि आईला चाऱ्याला धाडणारे. त्यांनी मुलाण्याकडे बोट दाखवायचं आणि ते बोट म्हणजे मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

राघूदादा येऊन गेला. मेंढरं घेऊन मळ्याबाहेर उभा राहिला, आत आला नाही. "कासमचाचाचं दुकान गेलं तर माझी बकरी कोण घेनार? तुझं ते मंडळ?" म्हणाला. "तू एकटीनं न खाऊन किती मेंढरं वाचली गं? आमी मातूर सगळी उपाशी मरू." उत्तर असेल कुठेतरी, पण ते मेंढरांच्याही कामाचं आणि दादाच्याही कामाचं असं असायला हवं, आणि तसं मला कुणी शिकवलेलं नाही.

काल मी नवसूंना म्हटलं, मी साहेबांना सगळं सांगणार. दूध, रेडकू, चारा, सगळं. ते खाली बसले.

"आपली चूल शेठच्या गोठ्यात हाय, बानू. तोंड उघडशील तर उद्या कुठं पेटवायची ती?"

"कुठंबी पेटवू. राघूदादाच्या वाड्यावर जाऊ."

"तो तुला पत्रावळीवर बसू दील?"

नाही देणार. बाप होता तेव्हाची गोष्ट वेगळी होती. मी मळ्यातून बाहेर पडून जायचं कुठे? धनगरांत मी बामणीण, बामणांत मी धनगरीण, आणि तुझ्या दारात यावं तर कोणत्या तोंडाने?

तरी बोलणार आहे. माझं बोलणं मी घोकून ठेवलं आहे, चौथीतल्या कवितेसारखं. तुझ्या अब्बांचं दुकान जाऊ द्यायचं नाही, आणि खोटंही बोलायचं नाही. दोन्ही एका श्वासात बसलं पाहिजे.

बानू

---

ता. ३ एप्रिल १९५५

हसीना,

अब्बा आता तुझ्याकडे आहेत, त्यांच्याकडून तू सगळं ऐकलंच असशील. तरी माझ्या तोंडून ऐक.

साहेब भले वाटले. चष्मा पुसत मला म्हणाले, "घाबरू नका बाई. हत्या बंद व्हावी असं तुम्हांला वाटतं का?"

मी म्हटलं, "वाटतं, पण..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. 'वाटतं'वर टाळ्या पडल्या आणि माझा 'पण' त्यांच्याखाली सापडला. मी हात वर केला, तर शेठ लोकांना म्हणाले, बाई आशीर्वाद देताहेत. मग मात्र माझं डोकं फिरलं. घोकलेलं सगळं विसरले आणि ओरडले, "साहेब, आधी शेठला इचारा, माझी चांदी कुठं गेली? चाऱ्याच्या नावाखाली चांदी घालवली त्यांनी!"

साहेबांनी चष्मा लावला. "चांदी? दागिन्यांची काही भानगड आहे का?"

सगळी चावडी हसली. मागून गेणभाऊ ओरडला, "म्हैस हाय साहेब, म्हैस!" पण त्याला पायरीखालीच उभं केलेलं होतं, त्याचा आवाज साहेबांपर्यंत पोचला नाही. आणि शेठ काय म्हणाले ठाऊक आहे? हसले नाहीत, रागावले नाहीत. साहेबांच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "हिची पोर गेली हो वर्षापूर्वी. तेव्हापासून मधूनमधून असं होतं." साहेबांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. सोनीचं मरण त्या तोंडात! मी तिथेच मटकन खाली बसले. नवसूंनी मला उठवून घरी आणलं.

दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी मी अब्बांकडे गेले होते. ते लाकडी ठोकळा धूत होते. मी रडत होते. ते म्हणाले, "रडू नको. तू खोटं बोलली न्हाईस, पोरी. खोटं बोलली असतीस तर मी तुला दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो." तू त्यांना माझ्यावर रागवायला लावू नकोस. त्यांना जमत नाही.

पाडव्याला त्याच जागी शेठने पेढ्यांचं दुकान काढलं. नारळ मी फोडावा असा निरोप होता. मी ताप आल्याचं सांगितलं. एस.टी. थांबली की उतारू उतरून पेढे घेतात. गावाने मटण सोडलंय असं समजू नकोस, सायकली घोडेगावाला जातात. आणि ऐक, पुढच्या महिन्यात बिरोबाची जत्रा आहे. मुलाण्याने बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पंगतीत तुकडा पडत नाही हे आता त्यांना आठवलंय. ज्यांनी अंगठे उठवले त्यांनीच वर्गणी काढून अब्बांना आणायला राघूदादाला आळेफाट्याला धाडायचं ठरवलंय. शेठनेही वर्गणी दिली, देवाचं काम म्हणून. अब्बांनी यावं की नाही ते मी सांगणार नाही. माझ्या सांगण्याने आधीच पुष्कळ झालंय.

शेठने आम्हांला काढलं नाही. मला वाटलं होतं काढतील. "येड्या माणसाला कोण घराभाईर काडतंय?" असं म्हणाले म्हणे. खोली तीच, चूल तीच. आता मी काहीही बोलले तरी चालतं, कारण मी पोर गेलेली बाई आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात आहे असं मला वाटलं. आता भुरी व्याली आहे. तिचं रेडकूही गेलं, तसंच, आणि नवसूंनी भरलं. परवा सकाळी मी ते पेंढ्याचं रेडकू उचललं आणि उकिरड्यामागे पुरलं. म्हटलं, माझ्या हातून ही फसवणूक आता नाही. भुरीने पान्हा चोरला. नवसू हात जोडायला लागले, तरी मी ढळले नाही. दुसऱ्या दिवशी भुरीची कास दगडासारखी झाली. सड तापले. पाय झाडायची, मान वर करून ओरडायची, आणि हसीना, तो ठणका मला ठाऊक आहे. मोगरा बांधून मी तो सोसला आहे. म्हशीला कुणी मोगरा बांधत नाही.

मीच उकिरड्यामागे गेले. मीच उकरलं. एक कान मातीत राहिला. झटकून, पुसून तिच्यापुढे उभं केलं. तिने हुंगलं, चाटलं, आणि धार सुटली. ती चाटत होती आणि मी तिच्या कासेला डोकं टेकून काढत होते. मला नाही वाटत तिला कळत नाही. पेंढ्याला वास पेंढ्याचाच येतो.

तू लिहिणार नाहीस हे मी समजून आहे. तुझ्या अब्बांचं घर सुटलं, तुझा राग खरा आहे, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण एक मागते. महिन्या दोन महिन्यांनी एक कार्ड पोस्टात टाक. आत काही लिहू नकोस. राग नको, माया नको, खुशालीही नको. नुसता पत्ता लिही, तुझ्या अक्षरात. कोरं आहे हे मला ठाऊक असेल. तरी मी ते घेऊन बसेन.

बानू